लाटसाहेबांचा प्रामाणिकपणा आपल्याला केवढ्याला पडला?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि वाचायला घेतलीत तर शेवटपर्यंत वाचा, कारण अर्ध्यावर सोडलीत तर मी इंग्रजांची आरती ओवाळतोय असं वाटेल.

गेल्या आठवड्यात आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर वेतन आयोगावरून जुंपली. सुरुवात महागाई भत्त्यापासून झाली, मग गाडी नेहमीप्रमाणे भ्रष्टाचारावर आली. एकाने लिहिलं, "पगार कितीही वाढवा, खाणारा खाणारच. आपल्या लोकांच्या रक्तातच आहे ते. इंग्रजांच्या राज्यात असं होतं का?" खाली धडाधड अंगठे पडले. अंगठे देणारे सगळे आयुष्यभर सरकारी पगारावर जगलेले, माझ्यासारखेच.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. "रक्तातच आहे" हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा ऐकलं. साहेब कारकुनाबद्दल म्हणायचे, कारकून तलाठ्याबद्दल, तलाठी कोतवालाबद्दल. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की या वाक्यावर एकेकाळी अख्खं राज्य उभं केलं गेलं होतं. आणि ते उभं करणारा माणूस लबाड नव्हता. अतिशय सज्जन, स्वच्छ हाताचा, शिस्तीचा इंग्रज सेनापती होता. लॉर्ड कॉर्नवॉलिस.

आपल्या पिढीला कॉर्नवॉलिस म्हणजे "कायमधारा पद्धतीचे गुणदोष लिहा", पाच मार्क. त्यापलीकडे आपली ओळख नाही. म्हणून आधी माणूस कोण होता ते सांगतो.

चार्ल्स कॉर्नवॉलिसचा जन्म ३१ डिसेंबर १७३८ चा. उमराव घराणं, ईटनचं शिक्षण, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास लष्करात. सप्तवार्षिक युद्धात जर्मनीत लढला. १७६२ मध्ये वडील गेले आणि तो अर्ल होऊन हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसला. १७६६ मध्ये तिथे एक कायदा आला: अमेरिकेतल्या वसाहतींवर कुठल्याही बाबतीत कायदे लादण्याचा अधिकार ब्रिटिश पार्लमेंटला आहे, असं जाहीर करणारा. बहुतेक सगळे लॉर्ड "हो" म्हणाले. विरोधात हात वर करणारे बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांत हा एक तरुण लॉर्ड होता.

पुढे दहा वर्षांनी त्याच अमेरिकेत बंड झालं, राजाचा हुकूम आला, आणि मनात काहीही असो, हा शिपाईगडी बंड मोडायला गेला. १७८० मध्ये कॅम्डेनला मोठा विजय मिळवला. १७८१ च्या मार्चमध्ये गिलफर्ड कोर्टहाउसची लढाई जिंकली, पण एवढी माणसं गमावून की तो विजय हरण्यासारखाच होता. शेवटी व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला तो अडकला. जमिनीवर वॉशिंग्टन आणि फ्रेंच, समुद्रात फ्रेंच आरमार. १९ ऑक्टोबर १७८१ ला सात हजारांवर फौजेनिशी शरणागती. त्या समारंभाला तो स्वतः गेला नाही. तब्येत बरी नाही असं सांगून त्याने हाताखालच्या जनरल ओहाराला तलवार घेऊन पाठवलं. त्याच्या आयुष्यात शोधून एखादा कचखाऊपणा सापडतो, तो हा.

अमेरिका गेली. पण गंमत बघा, हरलेल्या सेनापतीवर ठपका आला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की दोष एकट्याचा नव्हता, आणि माणूस सरळ होता. सरळ माणसाची तेव्हा इंग्लंडला दुसरीकडे फार गरज होती. ती जागा म्हणजे कलकत्ता.

कंपनीच्या कारभाराची तेव्हा काय अवस्था होती? कंपनीच्या नोकराचा पगार किरकोळ, पण खासगी व्यापार, नजराणे, नातेवाइकांच्या किंवा बनियाच्या नावाने घेतलेले ठेके, यातून पैसा इतका की काही वर्षांत इंग्लंडला जाऊन जहागीर विकत घ्यावी. बनारसच्या रेसिडेंटचं उदाहरण खुद्द कॉर्नवॉलिसने लिहून ठेवलंय: कंपनीकडून पगार महिना १,००० रुपये, आणि वरची कमाई वर्षाला जवळजवळ ४ लाख. हे सगळे गोरे बरं का. बंगालमध्ये १७७० चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली होती, आणि हे लोक जहाज भरून घरी जात होते.

१७८६ मध्ये कॉर्नवॉलिस गव्हर्नर-जनरल आणि सरसेनापती असे दोन्ही अधिकार घेऊन आला. यायच्या आधी त्याने अट घातली होती की गरज पडली तर कौन्सिलचं मत बाजूला सारून निर्णय घ्यायचा अधिकार मला हवा. तो मिळाला. आणि मग त्याने जे केलं ते आजच्या कुठल्याही आयुक्ताने अभ्यासावं असं आहे.

एक, वशिला बंद. खुद्द प्रिन्स ऑफ वेल्सकडून आलेल्या शिफारशींनाही दाद दिली नाही. दोन, महसुली अधिकाऱ्यांचा खासगी व्यापार बंद. तीन, आणि महत्त्वाचं, नुसता बंद करून तो थांबला नाही. लंडनच्या डायरेक्टरांशी भांडून त्याने पगार वाढवून घेतले. कलेक्टरला महिना १,५०० रुपये आणि वर वसुलीवर साधारण एक टक्का दलाली. त्याचं म्हणणं सोपं होतं: जबाबदारी मोठी, मोह मोठा आणि पगार तुटपुंजा, अशा जागेवर बसवलेला माणूस खाणारच. त्याला पोटभर द्या, मग खाल्लं तर सोडू नका.

मंडळी, हे त्याने २३० वर्षांपूर्वी ओळखलं. आणि ते लागू पडलं. एका पिढीत कंपनीच्या वरच्या नोकरीची कीर्ती बदलली. "इंग्रजांच्या राज्यात असं होतं का?" असं आमचा ग्रुपमधला मित्र विचारतो, त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे: होतं, भरपूर होतं, आणि एका माणसाने पगार वाढवून आणि शिस्त लावून ते बरंच कमी केलं. स्वतः त्याने एका पैशाला हात लावला नाही. श्रीरंगपट्टणच्या मोहिमेतला लुटीचा आपला वाटासुद्धा त्याने सोडून दिला. हे मोठेपण मान्य करायलाच हवं.

आता उरलेलं अर्धं उत्तर.

कंपनीच्या कारभारात हिंदी माणसंही मोठ्या पदांवर होती. बंगालचा फौजदारी न्याय मुर्शिदाबादहून महंमद रझा खान बघत होता. जमीनदारांकडे आपापल्या भागाचा पोलीस बंदोबस्त होता. तिथेही लाचलुचपत होती, नक्कीच होती. पण या लोकांबद्दल कॉर्नवॉलिसने काय विचार केला? त्यांचा पगार वाढवला? नाही. त्याचं ठाम मत होतं की नेटिव्ह माणूस मुळातच भ्रष्ट असतो, त्याला अपवाद नाही. रोग तोच. गोऱ्याला औषध दिलं पगाराचं, काळ्याला दिलं हकालपट्टीचं.

१७९० मध्ये रझा खानला दूर केलं, वरचं फौजदारी न्यायालय मुर्शिदाबादहून उचलून कलकत्त्याला आणलं आणि त्यावर स्वतः गव्हर्नर-जनरल आणि त्याचं कौन्सिल बसलं. जमीनदारांचा पोलीस अधिकार काढला. जिल्ह्याचे न्यायाधीश सगळे इंग्रज. १७९३ पर्यंत पक्कं झालं की वर्षाला ५०० पौंडांवरच्या पगाराच्या जागा कंपनीच्या करारबद्ध गोऱ्या नोकरांसाठीच. त्याखाली काय उरलं ते बघा.

जिल्ह्याचे भाग पाडून, साधारण वीस मैल लांब-रुंद टापूला एक, अशी ठाणी बसवली. ठाण्यावर दारोगा. आज आपण "पोलीस ठाणं" म्हणतो, त्या व्यवस्थेचं एक मूळ इथे आहे. दारोग्याचा पगार महिना २५ रुपयांच्या घरात. वर, दरोडेखोराला शिक्षा झाली की माणशी १० रुपये बक्षीस आणि सापडलेल्या चोरीच्या मालावर १० टक्के. आता सांगा, चारशे चौरस मैलांचा मुलूख एका माणसाच्या हाती द्यायचा, पगार कलेक्टरच्या साठाव्या हिश्शाएवढा द्यायचा, आणि आरोपी दोषी ठरला तर जास्त पैसे मिळतील अशी सोय करायची. तो काय करेल? त्याने तेच केलं. बंगालमध्ये दारोगा म्हणजे लोकांच्या शिव्यांचा विषय झाला.

दिवाणी बाजूला मुन्सफ. ५० रुपयांपर्यंतचे दावे हिंदी मुन्सफाकडे. म्हणजे गरिबांचे बहुतेक सगळे दावे. त्याला पगारच नाही. दाव्याच्या रकमेवर रुपयामागे एक आणा, एवढीच मिळकत. न्याय करणाऱ्याचं पोट दावे किती येतात यावर.

म्हणजे ज्या माणसाने जगाला शिकवलं की तुटपुंज्या पगारावर मोठा अधिकार दिला की माणूस बिघडतो, त्यानेच हाताखालच्या हजारो लोकांना नेमकं त्याच अवस्थेत ठेवलं. आणि ते बिघडले तेव्हा साहेब लोक एकमेकांना म्हणू लागले, "बघा, सांगितलं नव्हतं? यांच्या रक्तातच आहे."

कोणी म्हणेल, तो त्या काळाचा माणूस होता, आजच्या फूटपट्टीने का मोजता? मला हा आक्षेप योग्य वाटतो, म्हणून मी त्याला त्याच्याच फूटपट्टीने मोजतो.

१७९८ मध्ये त्याला आयर्लंडला पाठवलं. तिथे नुकतंच मोठं बंड झालं होतं. कॉर्नवॉलिसने बंड मोडलं, पण स्वतःच्या बाजूच्या लोकांचा सूडाचा उत्साह पाहून त्याला किळस आली, आणि शरण येणाऱ्यांना माफी द्यायचं धोरण त्याने धरलं. पुढे आयर्लंड ब्रिटनला जोडायचा कायदा पास करून घेण्यासाठी आयरिश सभासदांना पदव्या आणि जागा वाटायचं गलिच्छ काम त्याच्या वाट्याला आलं. ते करताना तो स्वतःवर चरफडत होता, त्याच्या पत्रांतून ते दिसतं. त्याची एकच अट होती: कॅथलिकांवरची बंदी उठवा, त्यांना पार्लमेंटमध्ये बसू द्या. देशातल्या बहुसंख्य लोकांना अधिकाराच्या जागांपासून दूर ठेवून राज्य टिकत नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. राजाने नकार दिला. १८०१ मध्ये पंतप्रधान पिट गेला, पाठोपाठ कॉर्नवॉलिसनेही पद सोडलं.

अमेरिकन वसाहतवाल्यांसाठी लॉर्ड्समध्ये विरोधी मत देणारा हाच. आयरिश कॅथलिकांसाठी पद सोडणारा हाच. वगळलेला माणूस वैरी होतो, हे त्याला समजत होतं. बंगाली किंवा बिहारी माणसापाशी आल्यावर मात्र ती समज थांबली. काळाचा दोष म्हणा हवं तर, पण त्याच्या काळाने त्याला दोनदा धडा दिला होता.

आणि तिसरा धडा दिला होता आपल्या लोकांनी. हा किस्सा मराठी माणसाला ठाऊक हवा.

१७९१ चा मे महिना. टिपूविरुद्धचं तिसरं म्हैसूर युद्ध. कॉर्नवॉलिस स्वतः फौज घेऊन श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला होता. मराठे आणि निजाम त्याचे दोस्त, पण मराठी फौजेचा पत्ता नव्हता, कारण मध्ये निरोप्यांची वाट टिपूच्या स्वारांनी बंद केली होती. पावसाळा तोंडावर आला. तोफा ओढणारे बैल पटापट मेले. धान्य संपलं. छावणीत रोगराई. शेवटी वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून टाकायची पाळी आली आणि फौज मागे फिरली. यॉर्कटाउन पुन्हा होतंय की काय, असं त्याला वाटलं असेल तर नवल नाही.

वाटेत स्वार दिसले. आधी वाटलं शत्रूच आला. पण ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेचे. आणि त्या फौजेबरोबर होता बाजार. मराठी लष्कराचा बाजार म्हणजे चालतं शहरच. धान्य, बैल, कापड, सोनार, सराफ, सगळं. उपाशी इंग्रज फौज त्या बाजारावर तुटून पडली. तिथे काय काय मिळत होतं याची वर्णनं इंग्रज अधिकाऱ्यांनी डोळे विस्फारून केली आहेत. फुकट नव्हतं हां, आपल्या व्यापाऱ्यांनी भाव चांगला चढा लावला होता! पण फौज वाचली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७९२ मध्ये, त्याच कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणला धडक दिली. टिपूला अर्धं राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन लहान मुलगे द्यावे लागले. कॉर्नवॉलिस मार्क्विस झाला.

ज्या नेटिव्हांच्या बाजाराने, बैलांनी आणि हिशेबाने त्याची फौज उपासमारीतून काढली, त्याच नेटिव्हांना दोनच वर्षांनी कायद्याने "वरच्या जागेला नालायक" ठरवण्यात आलं. मे १७९३ ची कॉर्नवॉलिस संहिता म्हणतात ती हीच.

कायमधाऱ्याबद्दल थोडक्यात, नाहीतर इतिहासाचे मास्तर रागावतील. १७९३ मध्येच बंगाल, बिहार, ओरिसात जमीनदाराला जमिनीचा मालक मानून सरकारी धारा कायमचा बांधून दिला. जमीनदाराने कुळांकडून वसूल करायचा आणि अकरातले दहा भाग सरकारात भरायचे, असा अंदाज. कंपनीचाच अनुभवी अधिकारी जॉन शोअर सांगत होता, आधी दहा वर्षं करून बघू, गावची माहिती आपल्याकडे नाही. कॉर्नवॉलिसने ऐकलं नाही. ठरल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पैसे आले नाहीत की जमीनदारीचा लिलाव. पहिल्या वीसेक वर्षांत जमीनदारीचा मोठा हिस्सा असा विकला गेला, आणि घेणाऱ्यांत बरेच जण कचेरीतले आणि कलकत्त्याचे पैसेवाले होते. कूळ या सगळ्यात कुठेच नव्हतं. उलट १७९९ च्या सातव्या नियमाने कुळाची चीजवस्तू जप्त करायचा अधिकार जमीनदाराला मिळाला. ही व्यवस्था मोडायला स्वतंत्र भारताला १९५० च्या दशकात कायदे करावे लागले.

इथेही तोच चष्मा होता. इंग्लंडमधला जमीनमालक त्याला ओळखीचा, म्हणून तसाच एक इथे उभा केला. शेत कसणारा त्याला दिसला नाही, आणि ज्याला दिसत होता त्या शोअरचं ऐकलं नाही. आपल्याकडे मुंबई इलाख्यात रयतवारी आली, शेतकऱ्याचं नाव सरकारी दप्तरात आलं. सातबाऱ्याला आपण कितीही नावं ठेवू, मी स्वतः आयुष्यभर त्यावर खरडलं आहे, पण त्यावर कसणाऱ्याचं नाव आहे ही फार मोठी गोष्ट आहे.

इंग्रजांतही हे कळणारे होते. मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने १८२४ मध्ये स्पष्ट लिहिलं की आधीच्या जेत्यांनी जुलूम केले असतील, पण अख्ख्या लोकांना विश्वासाला अपात्र ठरवून हलक्या कामापुरतं वापरणारे आपणच. ज्याला वर चढायची आशाच नाही, तो चारित्र्य कशासाठी जपेल, असा त्याचा रोख होता. १८३१ नंतर बेंटिंकने हिंदी न्यायाधीशांचे अधिकार आणि पगार वाढवले, कारण काम तुंबलं होतं आणि गोरे न्यायाधीश परवडत नव्हते. तरी सनदी नोकरीत पहिला हिंदी माणूस शिरायला १८६३ उजाडलं, सत्येंद्रनाथ टागोर. म्हणजे १७९३ पासून सत्तर वर्षं. दादाभाई नौरोजी पुढे इंग्लंडला जाऊन जन्मभर जे ओरडून सांगत होते, त्यात हाही एक मुद्दा होता: पैसा तर जातोच, पण कारभाराचा अनुभवही आमच्या लोकांना मिळत नाही.

कॉर्नवॉलिसचा शेवटही आपल्याशी जोडलेला आहे. वेलस्लीने शिंदे-होळकरांशी युद्ध करून कंपनीची तिजोरी रिकामी केली, यशवंतराव होळकर आवरेना, तेव्हा डायरेक्टरांनी ६६ वर्षांच्या थकलेल्या कॉर्नवॉलिसला पुन्हा पाठवलं. काम एकच, मराठ्यांशी तह करून युद्ध थांबव. जुलै १८०५ मध्ये तो कलकत्त्याला उतरला, लगेच नदीमार्गे वर निघाला, आणि ५ ऑक्टोबरला गाझीपूरला गंगेकाठी गेला. शिंदे आणि होळकरांशी तह त्याच्या मागे वर्षअखेरीपर्यंत झाले. गाझीपूरला त्याची मोठी घुमटाची समाधी आहे, लोक त्याला लाटसाहेबाचा मकबरा म्हणतात.

त्याचा एक पुतळा मुंबईतही होता. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे, तिथे पूर्वी मोकळं मैदान होतं, त्यात छत्रीखाली संगमरवरी कॉर्नवॉलिस. आणि मंडळी, आपल्या लोकांनी त्याची पूजा सुरू केली! फुलं वाहायचे, नमस्कार करायचे, त्या जागेला "छोटं देऊळ" म्हणायचे. सरकारला लोकांना समजवायची वेळ आली की बाबांनो, हा देव नाही. स्वातंत्र्यानंतर तो पुतळा हलला. आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. नातवंडांना राणीच्या बागेत घेऊन जाल तेव्हा शेजारीच आहे, बघून या.

पुतळा हलवणं सोपं होतं. आता मी माझी एक गोष्ट सांगतो, आणि पोस्ट संपवतो.

खूप वर्षांपूर्वी मी ज्या तालुक्याला होतो तिथे पूर आला. मदतवाटप झालं, यादीत घोळ निघाला, काही नावं दोनदा होती. यादी कशी करायची याच्या सूचना वरून तोंडी आल्या होत्या, रात्री अकरा वाजता, फोनवर. तोंडीच. चौकशी लागली तेव्हा वर कोणाच्या नावाने कागद नव्हता. कागद होता तो पंचनाम्यावर अंगठ्या-सह्या घेणाऱ्या तलाठ्याचा आणि गळ्याएवढ्या पाण्यातून गावात गेलेल्या कोतवालाचा. कोतवाल म्हणजे आमच्या खात्यातला सगळ्यात शेवटचा माणूस. त्याला पगारही नाही म्हणायचे तेव्हा, मानधन म्हणायचे. त्याच्या नोटिशीचा मसुदा मी केला. साहेब म्हणाले, "लिहा, यांच्यावर विश्वास ठेवण्याजोगं काही नसतंच." मी लिहिलं. माझी भाषा तेव्हा चांगली होती.

कोतवाल दोन वर्षांनी सुटला, दोष सापडला नाही. त्या दोन वर्षांत त्याने काय खाल्लं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. नंतर एकदा एसटी स्टँडवर भेटला, "नमस्कार भाऊसाहेब" म्हणाला, आणि मला त्याच्या डोळ्यांत बघवलं नाही.

कॉर्नवॉलिस वाचताना मला तो कोतवाल आठवला. साहेब वाईट नव्हते. पैसे खाणारे तर नव्हतेच. कॉर्नवॉलिससारखेच स्वच्छ होते. आपण स्वच्छ आहोत याची त्यांना इतकी खात्री होती की घाण असेल तर ती खालीच असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

आजही वर्तमानपत्र उघडा. "लाच घेताना तलाठी रंगेहाथ", "हवालदार जाळ्यात". पकडलेच पाहिजेत, मी कोणाची वकिली करत नाही. ज्या बाईने वारसनोंदीसाठी उसने काढून पैसे दिले असतील, तिला दारोग्याचा पगार ऐकवून उपयोग नाही. खाल्लं तर शिक्षा, हा कॉर्नवॉलिसच्या सूत्राचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. पण पहिला भाग आपण अजून वरच्यांसाठीच वापरतो. वर वेतन आयोग, बंगला, गाडी. खाली कंत्राटी डेटा ऑपरेटर, मानधनावरची आशाताई, अंगणवाडी सेविका, तासावर पैसे मिळणारा शिक्षक. सरकारचं तोंड म्हणून लोकांसमोर उभे तेच, आणि त्यांचंच पोट सर्वांत रिकामं. मग त्यांच्यातला एक घसरला की आपण सगळ्यांच्या रक्ताची तपासणी करतो.

आणि लोकांवरही तोच संशय. तुम्हीच तुम्ही आहात याचा दाखला आणा, त्या दाखल्याची प्रत आणा, ती प्रत खरी आहे हे साहेबाकडून लिहून आणा. स्वतःची प्रत स्वतः साक्षांकित केली तर चालेल, हे मान्य करायला आपल्याला स्वातंत्र्यानंतर साठ-पासष्ट वर्षं लागली, आणि अजूनही काही खिडक्यांवर चालत नाही!

म्हणून ग्रुपवरच्या माझ्या मित्राला माझं उत्तर असं आहे. इंग्रजांच्या राज्यात भ्रष्टाचार कमी झाला तो गोऱ्यांचं रक्त चांगलं होतं म्हणून नव्हे. त्यांना पुरेसा पगार, वर जायची वाट आणि खाल्लं तर जाण्याची भीती, हे तिन्ही एकदम मिळालं म्हणून. आपल्या लोकांना तिसरी गोष्ट तेवढी मिळाली, तीही साहेबाच्या लहरीप्रमाणे. हा प्रयोग खालपर्यंत पूर्ण करून बघितल्याशिवाय रक्ताबद्दल बोलायचा हक्क कोणालाच नाही. मला तर नाहीच नाही. एक नोटीस माझ्या नावावर जमा आहे.

मतभेद असतील तर जरूर लिहा. फक्त "आपले लोक तसेच" एवढंच लिहायचं असेल, तर आधी एकदा भायखळ्याला जाऊन या.